रसिक कोणास म्हणावे?



यंदाच्या व्याख्यानमालेचे पत्रक आमच्या युनियनच्या कचेरीत आले, तेव्हा साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणारे एक गृहस्थ समोर बसले होते. रात्रपाळी उरकून आलेले, डोळे तांबारलेले. त्यांनी पत्रक उचलले, सावकाश वाचले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ‘सर्व रसिक श्रोत्यांनी अगत्य उपस्थित राहावे.’ मग आम्हांस विचारले, “अण्णा, हे आपल्यासाठी आहे, का रसिकांसाठी?”

त्यांनी थट्टा केली नव्हती. त्यांना खरोखरीच शंका आली होती. आम्ही हसून उत्तर टाळले. पण तो प्रश्न काही आम्हांस सोडीना. ‘रसिक’ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो, आणि तरी हा शब्द आपल्याला लागू नाही असे एका कष्टकऱ्यास आपोआप कसे कळते? आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा शब्दाच्या चिकित्सेत काही अडाणीपणा दिसला, तर पोटात घालावा.

शब्दाचे मूळ सोपे आहे. रस म्हणजे द्रव, सत्त्व, चव. आमच्या बारामती-इंदापूर भागात तर हे मूळ कोणास समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बाजरी-ज्वारीच्या या कोरडवाहू मुलखात ऊस आला. प्रथम गुऱ्हाळे लागली आणि बारामतीची पेठ गुळाच्या अडतीसाठी नावारूपास आली. मग १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. १९५०च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने निघाले, त्यामागून सोमेश्वरनगर. आमच्याकडे रस चरकातून निघतो आणि त्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात.

पण भाषेने हा रस चरकापाशी राहू दिला नाही. बोलण्यात गोडी असली की वाणी रसाळ झाली. नसली की नीरस. मध्येच कोणी खोकले तर रसभंग. एखाद्या गोष्टीत मन लागेना, तर त्यात आपल्याला ‘रस नाही’. जिभेचा अनुभव मनाला लावणे ही फार जुनी रीत आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रसाचा उलगडा करताना दृष्टान्त घेतला तो पंक्तीचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न जेवणारा प्रसन्न मनाचा माणूस जसा त्याची चव घेत तृप्त होतो, तसा प्रेक्षक नाट्यातील भावांची चव घेतो, असे ते म्हणतात. खरा प्रेक्षक कोण, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे: पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि त्याच्या शोकाने ज्याला शोक होतो, तो. त्यात कुळाची अट नाही की द्रव्याची अट नाही. पुढे काश्मीरच्या आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त या आचार्यांनी ‘सहृदय’ हा शब्द पुढे आणला, तर धारच्या भोजराजाने ‘रसिक’ या शब्दाला शास्त्रात मानाचे पान दिले. दोन्ही शब्दांचा रोख एकच, की ज्याच्या ठायी मुळात ओलावा आहे त्यालाच दुसऱ्याचा रस कळतो.

आमच्या ज्ञानोबांनी तर याहून सोपी वाट दाखविली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांजवळ मागतात काय? पैका नाही, पांडित्य नाही, केवळ अवधान. श्रोत्याने लक्ष दिले की वक्त्याची वाणी फुलते, हा त्या बोलण्याचा भाव. शालिवाहन शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या १२९० साली, गावच्या साध्या माणसांपुढे बोलताना त्यांनी रसिकतेची किंमत ठरवून टाकली होती. ती किंमत म्हणजे लक्ष.

असे असताना हा शब्द उच्चासनावर कसा जाऊन बसला? याचे एक कारण वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ‘नागरक’ आहे. सकाळी उटणे, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी गोष्ठी, रात्री संगीत असा त्या नगरवासी रसिकाचा दिनक्रम तेथे तपशीलवार दिला आहे. या दिनक्रमात नाही ते फक्त काम. त्याची उटणी कोणी वाटली आणि त्याचे दिवे कोणी पुसले, हे त्या ग्रंथाचे प्रयोजन नव्हते. पण त्या चित्रापासून रसिक म्हणजे रिकामा आणि श्रीमंत, ही समजूत चालत आली. तिचेच विद्रूप रूप आजच्या बोलण्यात आहे. एखाद्याचा पाय वाकडा पडतो असे सुचवायचे असले की आपण डोळा मिचकावून म्हणतो, ‘मोठे रसिक आहेत हो!’ चांगल्या शब्दाची याहून काय दशा व्हावी?

आता या शब्दाची खरी परीक्षा आमच्याच गावी झाली आहे, ती सांगतो.

बारामतीचे बाबूजी नाईक हे पेशवाईतील बडे सावकार. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई नाईकांच्याच घरात दिलेली. कऱ्हेच्या काठचा त्यांचा वाडा बारामतीकरांनी पाहिलेला आहे. या नाईकांच्या पदरी पुराणिक म्हणून मोरोपंत पराडकर आले. पंत १७२९ साली पन्हाळगडावर जन्मले, ऐन तारुण्यात बारामतीस आले आणि १७९४ साली बारामतीसच निवर्तले. महाभारत त्यांनी आर्या वृत्तात उतरविले, रामायणे एकशे आठ प्रकारांनी रचिली. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठाला ओठ लावून उच्चारावे लागणारे एक अक्षर येऊ दिले नाही. ‘केकावली’ म्हणजे मोराच्या केका. स्वतःच्या नावावरच केलेला तो श्लेष. असा हा शब्दांचा कसबी कारागीर, शास्त्री-पंडितांत उठबस असलेला, आचाराने कडक.

त्याच काळी सोलापुरास रामजोशी नावाचा एक ब्राह्मण तरुण तमासगिरांच्या नादी लागला. डफ-तुणतुण्यावर लावण्या म्हणू लागला. घरच्यांनी त्याला बाहेर काढला. तो पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला. पण त्याची लावणी काही सुटली नाही. परंपरा अशी सांगते की या रामजोशाची लावणी मोरोपंतांच्या कानी पडली आणि पंत तिच्यातील यमक-प्रासांवर लुब्ध झाले. ही कथा लोक नाना प्रकारांनी सांगतात. पण सर्वांत एक धागा सारखा आहे. पंतांनी ‘ही तमाशाची गोष्ट’ म्हणून कानावर हात ठेवले नाहीत. आधी ऐकले, मग मान डोलविली. अशी वाणी हरिकथेकडे वळावी, हा उपदेश त्यानंतर आला. त्या उपदेशात प्रतिष्ठेची उतरंड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ऐकण्याचा क्रम पहिला होता. कारागिराने कारागीर ओळखला होता.

आणि पुढे काय झाले? रामजोशी कीर्तने करू लागले आणि त्यांनी पंतांच्या आर्या गावोगावी नेल्या. म्हणजे ज्या पंडिताने तमासगिराला दाद दिली, त्या पंडिताची कविता तमासगिराच्या गळ्यातून सामान्यांपर्यंत पोहोचली. दाद देणाऱ्याला दाद परत मिळाली. कीर्तनकारांची ती परंपरा किती दूर झिरपली होती, याचा दाखला आमच्या घरातच आहे. आमचे वडील गुळव्या. अक्षर ओळखीचे नव्हते. पण हंगामात रात्री काहिलीसमोर उभे राहून ते पंतांच्या आर्या घोळवीत. अर्थ विचारला तर म्हणत, “अर्थ पुढं कळंल. आधी ठेका धर.”

गुळव्या म्हणजे काय हे ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. चरकातला रस काहिलीत पडतो, चुलवाणाला पाचट-चिपाडाचा जाळ लागतो. रानभेंडीचे पाणी घालून मळी वर आणायची, ती काढायची. मग रस उकळून दाटू लागतो. आता सारे गुळव्याच्या हाती. बुडबुडे केवढे फुटतात, रंग कसा फिरतो, वास कसा येतो, हे तो पाहतो. चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून गोळी वळतो आणि भांड्यावर मारून तिचा आवाज ऐकतो. काहील क्षणभर लवकर उतरली तर गूळ चिकट, क्षणभर उशीर झाला तर करपट. कारखान्यातही हेच. व्हॅक्युम पॅनवरचा पॅनमन नमुना काढून काचेवर पसरतो, उजेडात धरतो आणि साखरेचा दाणा कितपत बसला ते नजरेने सांगतो. यंत्रे पुष्कळ आली, पण ती नजर टाकाऊ झाली नाही. डोळा, कान, नाक, बोट यांनी रसाची पारख करणारा हा माणूस रसिक नव्हे काय? शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहाल तर त्याच्याइतका रसिक दुसरा कोणी नाही. मात्र पत्रकावरची ओळ त्याच्यासाठी आहे असे त्याला वाटत नाही.

याला शब्दांच्या इतिहासातील आणखी एक वळण कारण आहे. इंग्रजी अमदानीत नवे शिक्षण आले आणि साहित्याच्या चर्चेत ‘अभिरुची’ या जुन्याच संस्कृत शब्दाला नवे तेज चढले. रुची जिभेची असते तोवर तिच्यात वाद नाही. अभिरुची मात्र शिकावी लागते, शिकवावी लागते, आणि कोणाकडे आहे नि कोणाकडे नाही याचा निवाडा करणारेही निर्माण होतात. गंमत पाहा, त्या निवाड्यात पहिले अडकले ते आमचे मोरोपंतच! इंग्रजी काव्य वाचलेल्या नव्या मंडळींना पंतांची आर्या कृत्रिम वाटू लागली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत त्यांच्या कवितेची बाजू मांडीत दीर्घ लेखन करावे लागले. कालचा पंडित आज अरसिकांचा कवी ठरू शकतो, तर अभिरुचीचा निवाडा किती बेभरवशाचा म्हणावा!

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांचे ऋण आम्हांस मान्य आहे. त्या पायावरच आम्ही आज उभे आहोत. परंतु त्यांच्याच पुढाकाराने १८८५ साली ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी निमंत्रण नाकारणारे पत्र लिहिले, हेही विसरता येत नाही. जे माणसांचे हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या ग्रंथांतील भावनांशी आमच्या ग्रंथांतील भावनांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. रसिकांच्या पंगतीत कोणाचे पान मांडले नाही, हे फुल्यांनी त्या वेळी बोलून दाखविले.

त्यांचेच अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे. पुणे जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे, कारण त्यांचे घराणे खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. साहित्याच्या इतिहासात या तारखेची नोंद नसते. आमच्या मते ती असावयास हवी. ज्ञानोबा मागतात ते अवधान माणूस देईल कोठून? चौदा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस कीर्तनाला बसला तर पेंगणारच. त्याला अरसिक म्हणण्याआधी त्याला झोप द्या. वात्स्यायनाच्या नागरकाला जे फुकट मिळाले, ते लोखंड्यांना लढून घ्यावे लागले. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तासांवर बांधले. आमच्या चळवळीने पगार मागितला, बोनस मागितला हे सर्वांस ठाऊक आहे. आम्ही फुरसतही मागितली, आणि फुरसत म्हणजे रसिकतेची पहिली पायरी.

अभिरुचीच्या नावाने काय काय घडते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले सर्वांच्या माहितीचे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा वग आगाऊ लिहून तपासून घेण्याच्या अटी आल्या. आता तमाशाचा वग म्हणजे रंगावर येईल तसा तोंडातोंडी वाढणारा. ज्यांच्या पिढ्यांना अक्षर शिकू दिले नव्हते त्यांना सांगितले गेले, ‘लिहून आणा!’ तमाशात वाईट काही नव्हते असे आमचे म्हणणे नाही. पण नासका भाग काढताना फळाची जात कोणती ते कोणी विचारले?

दुसरे उदाहरण आमच्या आयुष्यातले आहे, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका कामगार वसाहतीत काम करीत होतो. कामगारांच्या वर्गणीची भर पडून तेथे एक सभागृह झाले होते. एक मे रोजी आमच्या पोरांच्या कलापथकासाठी ते मागितले. व्यवस्थापक समितीचे दोन ओळींचे उत्तर आले: कार्यक्रम सदभिरुचीस धरून नसल्याने परवानगी देता येत नाही. कार्यक्रम कोणी पाहिलेलाच नव्हता! आम्ही फाटकाबाहेर, रस्त्याच्या दिव्याखाली प्रयोग केला. पाळी सुटलेली माणसे डबे हातात घेऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाहीत. त्या रात्री ‘अभिरुची’ या शब्दाचा आम्हांस मनस्वी राग आला.

येथवर आमची बाजू चांगली आहे. पुढची नाही. बारा वर्षांनी आम्ही स्वतः पदाधिकारी होतो. युनियनच्या वर्धापनदिनाला संगीताची मैफल ठरविली होती. पट्टा पडण्याचे दिवस होते. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतील दोन म्हातारे कचेरीत आले आणि म्हणाले, “गावी जायाच्या आधी आमचं भारूड लावू का मांडवात? पैसं नकोत.” आम्ही त्यांना चहा पाजला, गोड बोललो आणि सांगितले, “बाबा, रसिक मंडळी यायची आहेत, त्यांना नाही आवडायचं.” म्हातारे काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले. रात्री मैफल चालू असता कारखान्याच्या गव्हाणीपलीकडून, त्यांच्या कोप्यांतून टाळ ऐकू येत होते. ज्या शब्दाने आम्हांला फाटकाबाहेर काढले होते, त्याच शब्दाने आम्ही त्यांना कोपीत पाठविले. दिवाही दिला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तो कोप्या मोडल्या होत्या. टोळी निघून गेली होती.

त्यानंतर आम्ही एक नेम केला आहे, की न ऐकता नाही म्हणावयाचे नाही. ऐकून नाही म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. सारेच सारखे गोड असे आम्ही मानीत नाही. गुळव्याच्या पोराला ते मानताच येणार नाही. करपलेला गूळ करपलेलाच. पण तो करपला आहे हे काहिलीजवळ उभे राहून सांगावे, घरात बसून नव्हे.

मोरोपंतांचे गाव बारामती. तेथून इंदापूरची वाट धरली तर आणखी एका कवीची आठवण येते. शाहीर अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ते कष्टकऱ्यांत वाढले, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा पहाडी आवाज लाखोंनी ऐकला. १९६९च्या ऑगस्टात इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. पंत आणि शाहीर यांच्यात पावणेदोनशे वर्षांचे अंतर, आणि जातीधर्माचे, वृत्तांचे, श्रोत्यांचे अंतर त्याहून मोठे. पण आमचे वडील एका हंगामात दोघांचेही म्हणत आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटत नसे. त्यांच्या कानाला ठेका कळत होता. आमच्या दृष्टीने बारामती-इंदापूरची रसिकता ती हीच.

शेवटी एक शब्द सांगून रजा घेतो. गाण्याच्या जाणकाराला आपल्याकडे ‘दर्दी’ म्हणतात. दर्द म्हणजे दुखणे, वेदना. फारशीकडून आलेल्या या शब्दाने संस्कृत ‘रसिका’च्या शेजारी मुकाट्याने जागा घेतली आहे. एकाला गोडी कळते, दुसऱ्याला कळ कळते. आणि आपल्या भाषेने दोघांनाही जाणकारच मानले. ऊस पिळल्यावाचून रस नाही, हे ज्या मुलखाने रोज पाहिले त्याला हे दोन शब्द एकाच घरचे वाटावेत यात नवल नाही.

बॉयलरवरचे ते गृहस्थ आज सभेला आले आहेत. मागे, खांबाजवळ उभे आहेत. पुढे बसा म्हटले तर ऐकत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते ते आता देतो. भाऊ, ते पत्रक तुमच्यासाठीच आहे. पुढे या आणि बसा.